दुसऱ्याच्या बैलाला ढेप

भांडायला उभे राहिले की उकंडाजी आधी समोरच्याची बाजू मांडत. वरवर नव्हे, टिंगलीनेही नव्हे. समोरच्याला स्वतःला जमली नसती इतकी नीट आणि भक्कम. ती मांडून झाली की डोक्यावरचे पागोटे काढून गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, "हे झालं तुहं. आता माहं आयक." पुष्कळदा असे होई की तोवर बसलेल्या सर्वांना, आणि खुद्द उकंडाजींनाही, समोरच्याचेच पटून गेलेले असे.

मी कोणाची तारीफ सहसा करत नाही. शाळाखात्यात जन्म गेला. तेथे ती सवय लागत नाही. उकंडाजींची करणार आहे ती विचार करून.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षे झाली होती. शेलूबाजारापासून दोन कोसांवर सावरखेड म्हणून गाव आहे. तेथील चार वर्गांच्या शाळेवर मी एकटा मास्तर होतो. रुजू झालो त्याच आठवड्यात गावाबाहेर आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेलो. किसन नावाचा एक शेतकरी दोन शेतांमधल्या बांधावर, तिकडे ज्याला धुरा म्हणतात त्यावर, उभा राहून हातवारे करत होता. समोर एक उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ शांतपणे ऐकत होते.

"हा धुरा माह्या आज्यापासून इथंच हाये!" किसन ओरडला. "मंग माहा आजा काय खोटा होता?"

"थांब, किसन," गृहस्थ म्हणाले. "तुहा बैल लय दुबळा हाये. आधी त्याले ढेप चारू दे."

मी बैल कोठे आहे ते पाहू लागलो. बैल नव्हता. बैल म्हणजे किसनचा मुद्दा, आणि ढेप चारणे म्हणजे तो मुद्दा सुधारून देणे, हे मला मागाहून कळले. सरकीची ढेप खाऊन जनावर अंगाने भरते, तसा मुद्दा भरवायचा.

उकंडाजींनी भरवला. "आज्याले यात आनू नको," ते म्हणाले. "आजा मेला, त्याची साक्ष होत नाही. हे बाभळीचं खोड पाहाय. जुने लोक झाड आपल्या हद्दीत लावत, धुऱ्यावर लावत नसत. हे खोड तुह्या बापानं तोडलं, लाकूड तुह्या घरी गेलं, तवा माहा बाप काही बोलला नाही. म्हनजे झाड तुहं. झाड तुहं तं त्याच्याखालची जागा तुही. अन धुरा त्याच्याबी अलीकडं पाहिजे." असे म्हणून ते पावले मोजत स्वतःच्या शेतात नांगराच्या दोन तासांइतके आत शिरले आणि थांबले. ते स्वतःचे उत्तर शोधत होते. ते सापडेना.

"माहं काही नाही," शेवटी ते म्हणाले. "घे."

किसनला त्याने मागितले होते त्याहून अधिक मिळाले. त्याच संध्याकाळी तो घाबऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. "गुरुजी, तुमी शिकलेले मानूस. यात काही डाव तं नसन?"

डाव नव्हता. ते उकंडाजी होते.

त्यांच्या नावाची हकीकत सांगितली पाहिजे. त्यांच्या आधीची तीन भावंडे जगली नाहीत. म्हणून हे जन्मताच त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणले, आणि यमाने किंमत करू नये म्हणून नाव ठेवले उकंडा. वऱ्हाडात ही चाल जुनी आहे. त्यांना मात्र तिचा वादात फायदा झाला. कोणी चिडून नावाने शिवी दिली तर ते म्हणत, "उकिरडा तं माह्या नावातच हाये, बापा. तू आनखी किती टाकशीन?"

घरी ते आणि त्यांची मुलगी गिरजा, दोघेच. बायको वारली होती, मुलगा नव्हता. गिरजा एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माघारी आली, त्याला पाच वर्षे झाली होती. त्यांच्या समाजात विधवेचा पाट लागतो, म्हणजे पुन्हा लग्न होते. त्यात कोणी कमीपणा मानत नाही. तरी पाच वर्षांत एकही माणूस तिच्यासाठी बोलणे घेऊन आला नव्हता. गाव म्हणे, म्हातारा तिला सोडणार नाही. भाकर कोण करील? आणि उकंडाजींशी बोलून जिंकणार कोण? सगळे गाव असे धरून चालले होते, आणि पोरीचे दिवस जात होते. गिरजेची पुढची सगळी उमर या एका समजुतीखाली दबून पडली होती.

माझा आणि त्यांचा पहिला सामना उन्हाळ्यात झाला. शाळा अकरा ते पाच असे. ते आले आणि म्हणाले, शाळा सकाळची करा. मी तरुण होतो. मास्तर असण्याचा ताठा होता. मी म्हणालो, "हा खात्याचा नियम आहे. खात्यातले लोक तुमच्यापेक्षा अधिक शिकलेले आहेत."

"हे पागोटं झालं," ते म्हणाले.

मला कळले नाही. त्यांनी समजावले. "मुद्द्याच्या डोक्यावर मोठ्या मानसाचं पागोटं ठेवलं की मुद्दा मोठा दिसते. पागोटं काढा, गुरुजी. खाली डोकं हाये की मडकं, ते पाहू द्या."

मी चिडलो. "तुम्ही जन्मात शाळेची पायरी चढला नाहीत. तुम्हाला शाळेतले काय कळते?"

त्यांचा चेहरा उजळला. "अन हे धोतर! मुद्दा धरता आला नाही की मानूस धोतर धरते. एका दमात दोन! गुरुजी, तुमी नामी मानूस दिसता."

त्यानंतर त्यांनी माझ्या बैलाला ढेप चारली. सकाळची शाळा नको याची दोन कारणे त्यांनी मला दिली, जी मला स्वतःला सुचली नव्हती. एक, तांड्यावरच्या पोरांना कोसभर यायचे. अंधारात निघावे लागेल. दोन, सकाळी घरात कामे असतात, पोरे गैरहजर राहतील. मी सुखावलो. मग त्यांनी पागोटे गुडघ्यावर ठेवले. "आता माहं आयका. एकच हाये. उद्या दुपारी तुमी तुमच्या शाळेच्या टिनाखाली पोरं बसतात तिथं बसा. खुर्चीवर नाही, खाली."

मी बसलो. तिसऱ्या दिवसापासून शाळा सकाळची झाली. तांड्यावरच्या पोरांना अर्धा तास उशिराची मुभा दिली. खात्याला कळवले नाही.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. फसव्या युक्तिवादांचा त्यांच्याजवळ मोठा साठा होता, आणि प्रत्येकाला घरगुती नाव होते. आमचे पाटील एकदा म्हणाले, "मी सांगतो ते खरं, कारन मी खोटं कधी बोलत नाही." उकंडाजींनी तिथल्या तिथे निवाडा दिला: "घान्याचा बैल. चालला लय, पोचला कुठं?" रडून भेकून आपले खरे करणे म्हणजे 'पदर'. एवढ्या लोकांना वाटते म्हणून ते खरे, हे 'मेंढरं'. आमच्या शास्त्रात यांना हेत्वाभास म्हणतात, असे मी एकदा सांगितले. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. "शब्द भारी हाये. पन बाजारात ओरडून सांगता येत नाही."

हे वेड त्यांना लागले ते कोर्टात. तरुणपणी वाशीमच्या कोर्टात ते एका खटल्यात साक्षीला उभे होते. जनावरे पिकात शिरली एवढाच मामला. समोरच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही दारू पिणे केव्हा सोडले?" उकंडाजींनी दारू कधी तोंडाला लावली नव्हती. ते सरळ माणूस, म्हणाले, "सोडली नाही." कोर्ट हसले. साक्षीदार अजूनही पितो अशी नोंद झाली, साक्ष फुकट गेली, आणि घरी त्यांच्या बायकोने आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांचे तोंड हुंगून पाहिले.

दुसरा माणूस कोर्टाचे नाव सोडता. हे प्रत्येक तारखेला वाशीमला जाऊन मागच्या बाकावर बसू लागले. लोक तमाशाला जातात तसे. माणसाला शब्दात कसे गुंतवतात, हे त्यांनी दोन वर्षे पाहिले. पुढे एका चातुर्मासात गावात आलेल्या पुराणिकांनी सांगितले की जुने आचार्य आधी दुसऱ्याचे म्हणणे मांडत, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग आपले उत्तर देत. उकंडाजींनी उभे राहून विचारले, "अन दुसऱ्याचं दुबळं मांडलं तं?" पुराणिक म्हणाले, "तर ते पाप." तेवढ्यावर त्यांचे आयुष्य ठरले.

"कोर्टात काय करतात, गुरुजी," ते मला म्हणाले, "दुसऱ्याच्या बैलाचा पाय मोडतात अन मंग झुंज लावतात. जिंकून काय समजलं? लंगडा बैल हारते, एवढंच. ते तं पहिलेच ठाऊक होतं."

हा विचार मोठा आहे. त्याचा त्रास मात्र गावाला झाला.

शेलूबाजारहून मंगरूळपीरला जाणारी मोटार आमच्या बाजूने सुरू व्हायची होती. थांबा एकच मिळणार होता: सावरखेडच्या फाट्यावर, नाहीतर अर्ध्या कोसावरच्या खडकीच्या फाट्यावर. मोटारवाल्यांचा माणूस आला, लिंबाखाली बसला आणि म्हणाला, दोन्ही गावांनी आपापले सांगावे. सावरखेडने अर्थातच उकंडाजींना पुढे केले. खडकीचे रामराव हे पाताळयंत्री गृहस्थ. त्यांच्याकडे दोन-तीन चांगले बोलणारे होते. त्यांनी त्यांपैकी कोणालाही आणले नाही. त्यांनी आणला गुणवंता, जो स्वतःच्या लग्नातदेखील बोलला नव्हता.

गुणवंता उभा राहिला. "मोटार आमच्याकडं थांबवा," तो म्हणाला. मग पुष्कळ विचार करून, "आमच्याकडं सावली हाये." आणि खाली बसला.

खडकीच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. सावरखेडची मंडळी पोट धरून हसली. उकंडाजी हसले नाहीत. आजारी जनावर पाहावे तसे ते गुणवंताकडे पाहत होते. आमच्या पाटलांनी ओळखले. ते धावत येऊन त्यांच्या कानाशी म्हणाले, "उकंडाजी, हात जोडतो. आज ढेप नका चारू!"

"मुक्या मानसाले हारवून मोटार आनली तं माहा पाय तिच्यावर पडन काय?" उकंडाजी म्हणाले, आणि उठले.

त्यांनी सावलीपासून सुरुवात केली. सावली म्हणजे थोडी गोष्ट नव्हे, कारण मोटारीची वाट पाहत बसणार ती बाळंतीण, आजारी, म्हातारी माणसे. धडधाकट माणूस चालत जातो. खडकीच्या फाट्यावर विहीर आहे, सावरखेडच्या फाट्यावर प्यायला पाणी नाही. सावरखेडात जाणती सुईण आहे, खडकीत नाही. अडलेली बाई खडकीहूनच दवाखान्यात न्यावी लागते, आणि आजवर बैलगाडीत दोन गेल्या. त्यांची नावे त्यांनी घेतली. खडकीची एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून रडू लागली. गुणवंता स्वतःचे भाषण तोंड उघडे ठेवून ऐकत होता.

मग उकंडाजींनी पागोटे काढले आणि मोटारवाल्याला म्हणाले, "आता सावरखेडचं आयका."

मोटारवाल्याने वही मिटून खिशात ठेवली होती.

गावाने महिनाभर त्यांच्याशी बोलणे टाकले. टाकण्याआधी मात्र चौघे जण शिव्या द्यायला त्यांच्या अंगणात गेले. मी तेथे होतो. "तुमी मोटार घालवली! गावाचं नाक कापलं!" वगैरे बराच वेळ चालले. उकंडाजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "थांबा. तुमी शिव्या चुकीच्या जागी देऊन राह्यले. मोटार गेली हा माहा गुन्हा नाही. ती जिथं पाहिजे तिथंच गेली. पन मी तुमचा म्हनून उभा राह्यलो अन त्यायचं बोललो. ते कराचं होतं तं आधी सांगाले पाहिजे होतं, की दुसरा मानूस पाहा. ही बेइमानी झाली. याच्यावरून द्या शिव्या."

चौघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यावरून शिव्या दिल्या. उकंडाजींनी मान खाली घालून घेतल्या आणि गिरजेला चहा ठेवायला सांगितले.

या प्रकरणानंतर साऱ्या मुलखाला युक्ती कळली. उकंडाजींकडून काम करून घ्यायचे तर लुळापांगळा मुद्दा घेऊन जावे. ते स्वतःच तो उभा करून देतात. लोक येत, मुद्दाम तोतरे बोलत, आणि काम करून जात. ते भोळे आहेत असे सगळ्यांना वाटे. मलाही वाटे.

पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी गिरजेचा मामा सदाशिव धनजहून आला. त्याच्याबरोबर दोघे सोयरे होते. बैठक बसली, गावातील पाच-सहा जाणते लोक आले, मलाही बोलावले. गिरजेच्या पाटाचे बोलणे घेऊन पाच वर्षांत आलेला हा पहिला माणूस. सगळ्यांना ठाऊक होते की म्हातारा नाही म्हणणार, आणि आज नाही म्हटले तर पुन्हा कोणी येणार नाही. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. गिरजा तेथे उभी होती.

सदाशिव खाकरला. "भाऊजी, मानूस चांगला हाये. आता काय सांगू… आमच्या गावचं पानी गोड हाये." आणि गप्प बसला.

दोघातिघांनी मिशीत हसू दाबले. युक्ती सगळ्यांनी ओळखली.

उकंडाजींनीही ओळखली. "सदाशिव, हे तुले कोनी शिकवलं? खडकीच्या रामरावनं?"

सदाशिव काळाठिक्कर पडला.

"अरे, माह्यापुढं लंगडा बैल आनला की मी ढेप चारतो, हे साऱ्या मुलखाले ठाऊक हाये. मंग ते काय फक्त मलेच ठाऊक नसन? सोंग करनाराच्या बैलालेबी मी चारतो. बैलाचा काय गुन्हा? पन आज तुहा बैल चांगला धडधाकट दिसून राह्यला. त्याले लंगडत चालवू नको. सीधा बोल."

सदाशिव सरळ बोलला. मोतीराम नावाचा बत्तीस वर्षांचा शेतकरी; बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही; पीत नाही, हात उगारत नाही. शेलूच्या बाजारात त्याने गिरजेला पाहिले, तेव्हापासून दुसरे स्थळ ऐकून घेत नाही.

"मले कबूल हाये," उकंडाजी म्हणाले.

पाटलांच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली.

"पाच वर्सापासून मी वाट पाहून राह्यलो की कोनी तरी येईन. पोरीचा बाप आपन होऊन कसा फिरन? कोनी आलंच नाही. काहून नाही आले, बापाहो?"

"तुमी नाही म्हनसान म्हनून," पाटील चाचरत म्हणाले. "तुमच्यासंगं बोलून कोन जिंकन?"

"मी नाही म्हनीन हे कोनी ठरवलं? मले इचारलं?" ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढला. "पाच वर्सं गेले त्या पोरीचे. मेंढरं, सारे मेंढरं!"

मी मान खाली घातली. त्या मेंढरांत मीही होतो.

ते आतल्या दाराकडे वळले. "गिरजे, तुहं काय?"

"मले नाही जाचं," दाराआडून आवाज आला.

"काहून?"

"तुमाले भाकर कोन करून देईन?"

"हा पदर झाला."

"होऊ द्या झाला तं! मले नाही जाचं!"

उकंडाजी नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "थांब, बाई. तुहा बैल दुबळा हाये. त्याले ढेप चारू दे."

गिरजेचे जाणे त्यांना मान्य होते. तेव्हा तिचे राहणे हा आता समोरचा पक्ष झाला. तो त्यांनी मांडला. एका हाताचे एकेक बोट दुसऱ्या हाताने दुमडत, हिशेबी आवाजात, परक्या माणसाविषयी बोलावे तसे.

"भाकर सोडून दे. भाकर कोनीबी करते. पहिला मुद्दा असा. इथं हिची चूल, हिचं घर. तिथं मेलेल्या सवतीची चूल. जे करन ते तिच्यासंगं मोजल्या जाईन. दुसरा. बापाच्या मागं हे शेत हिचं. इथं मालकीन, तिथं मजूर. तिसरा. बाप साठीच्या पुढं गेला. छातीत कळ आली तं पान्याचा गिलास देनारं दुसरं कोनी नाही. या मानसानं हिले दोन बार वाढवलं. एक बार लहानपनी, एक बार नवरा मेल्यावर. त्याले म्हातारपनी टाकून जानं हे इमानाचं काम नाही."

चौथे बोट त्यांनी धरले. धरून ठेवले. मग सोडले.

"एवढंच," ते म्हणाले. आतून शेजारच्या जमलेल्या बायकांचे हुंदके ऐकू येत होते. जाण्याच्या बाजूचा एकही माणूस त्या क्षणी गिरजेला जा म्हणाला नसता.

त्यांनी पागोटे काढून गुडघ्यावर ठेवले.

"आता माहं आयक. नवी चूल वर्सभर नवी राह्यते, मंग आपली होते. तुही माय इथं आली तवा माह्या मायची चूल होती. शेत तुहंच राहीन. शेत कुठं चालत जात नाही. राह्यला बाप. तू राह्यली तरी बाप मरन, गेली तरी मरन. राह्यली, तं त्या दिवशी तू पस्तिशीले आली असशीन, अन मंग तुले पानी देनारं कोनी नसन. बापाचं एकटेपन पाच-दहा वर्साचं. तुहं तीस-चाळीस वर्साचं. कोनतं मोठं, तूच सांग."

मग गिरजा उंबऱ्यात आली. एवढ्या पुरुषांसमोर ती प्रथमच येत होती.

"बाबा, जनमभर तुमी दुसऱ्यायचंच बोलले," ती म्हणाली. "आज तरी आपलं बोला ना."

"आज मी तुहं बोलून राह्यलो, बाई," उकंडाजी म्हणाले. "तू दुसरी हायेस काय?"

तिने पदर तोंडात धरला आणि मान हलवली. होकार होता. बैठक उठली.

पाट लागला. गिरजा धनजला गेली. माणूस खरोखर चांगला निघाला, हे येथेच सांगून टाकतो. तिला पुढे दोन मुलगे झाले.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी उकंडाजींकडे गेलो. सूर्य मावळायचा होता. ते चुलीपुढे उकिडवे बसून भाकर थापत होते. काठ फाटत होते. फाटलेली भाकर गोळा करून पुन्हा थापत. मी भिंतीला टेकून बसलो. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग मी विचारले. विचारायला नको होते, पण मास्तराला बोटे मोजायची खोड असते.

"त्या दिवशी तुम्ही चौथे बोट धरले होते."

"तुमाले दिसलं?"

"दिसले."

त्यांनी भाकर तव्यावर टाकली. "चौथा मुद्दा होता."

"मग मांडला का नाही?"

"मांडला असता तं मोडावा लागला असता. तो मले मोडत नव्हता. रातभर पाहिला होता मी तो, साऱ्या बाजूनं." ते भाकरीकडे पाहत बोलत होते. "मी दिवसभर बडबड करतो, गुरुजी. कोर्टाचं, गावाचं, याचं, त्याचं. ती इथं चुलीपाशी बसून मधून मधून 'हाव' म्हनून होकार भरे. समजलं तरी 'हाव', नाही समजलं तरी 'हाव'. त्या 'हाव'ले काही सबूत नव्हता, काही कारन नव्हतं. पन त्याच्याबिगर मले करमत नाही."

जाळ पुढे सारत ते म्हणाले, "एका पक्षाचा जोरदार मुद्दा मी झाकून ठेवला. पुरानिक म्हने, पाप हाये."

मी ताट पुढे ओढले.

त्यांनी तव्यावरची भाकर माझ्या ताटात वाढली, वर तिखटाची चटणी ठेवली. मी त्या दिवशी तेथेच जेवलो. भाकर एका बाजूने जळली होती आणि आतून कच्ची होती.

"बरी झाली काय?" त्यांनी विचारले.

"हाव," मी म्हणालो.